सहाव्या कडीचा परका शेजार

बुऱ्हाणपूरहून उत्तरेला असीरगडाच्या वाटेवर निंबोला लागते. खाली तापीच्या खोऱ्यात केळीचे मळे आणि कपाशी, वर सातपुड्याचे डोंगर, आणि दक्षिणेला थोडे उतरले की महाराष्ट्राची हद्द व रावेर. या पट्ट्यात बारेला, भिलाला, भिल्ल, कोरकू अशा समाजांची वस्ती मोठी आहे. २०११च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले आदिवासींचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते. मध्य प्रदेशात ज्यांना बारेला म्हणतात, त्यांनाच आपल्याकडे नंदुरबार-जळगावच्या बाजूला पावरा म्हणतात. राज्यांची सीमा डोंगरातून गेली, पण नात्यागोत्यातून गेली नाही. रक्तातूनही गेली नाही. भिल्ल आणि पावरा समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सिकलसेल हा रक्ताचा रोग सीमेच्या दोन्ही बाजूंना सापडतो.

सिकलसेलविषयीच्या प्रत्येक पुस्तिकेत एक वाक्य असतेच: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाक्यात चूक काहीच नाही. पण त्याचा पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग यांच्यामध्ये जे घडते, तेच सगळ्यात थक्क करणारे आहे, आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतले एक बदलले तर अख्खी पेशी कडक का व्हावी? सांधे ठणकावेत, प्लीहा निकामी व्हावी, लहान मुलाच्या हातापायांना सूज यावी, इतके दूरवरचे परिणाम त्या एका बदलातून कसे निघतात?

याचे उत्तर त्या एकट्या सहाव्या कडीकडे बघून मिळत नाही. ती कोणाला स्पर्श करते, हे बघावे लागते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी, हे आपण शाळेत शिकतो. पण साखळी सरळ पसरलेली राहत नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि एक ठरावीक घडण घेते. त्या घडणीत क्रमाने शंभर जागा लांब असलेल्या दोन कड्या एकमेकींना अगदी टेकून बसलेल्या असू शकतात. प्रथिनाचा स्वभाव ठरतो तो बऱ्याच अंशी अशा शेजारांवरून. म्हणून रचनाशास्त्रज्ञ एखाद्या प्रथिनाची घडण हाती आली की शेजारांची मोजदाद करतात. कुठली कडी कुठल्या कडीजवळ आहे, किती जवळ आहे आणि त्या जवळिकीची जात कोणती, हे ते शोधतात.

हे काम कसे चालते ते कळायला गणित फार लागत नाही. क्ष-किरणांनी उलगडलेली प्रथिनांची रचना एका साध्या मजकुराच्या फायलीत मिळते. तिच्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक अणू, आणि त्याच्यापुढे अवकाशातले त्याचे तीन निर्देशांक. अशा फायलींचे जागतिक भांडार, प्रोटीन डेटा बँक, १९७१ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन इथे अवघ्या सात रचनांवर सुरू झाले. आज तिथे दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि त्या कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, निंबोल्यातल्या मोबाइलवरसुद्धा. हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा साखळ्या, प्रत्येकी १४१ कड्यांच्या, आणि दोन बीटा साखळ्या, प्रत्येकी १४६ कड्यांच्या. एकूण ५७४ कड्या. त्यांच्या जोड्या लावल्या तर १,६४,४५१ होतात. संगणक क्षणार्धात प्रत्येक जोडीतले अंतर काढतो. बहुतेक जोड्या एकमेकींपासून लांब असतात. उरतात त्या थोड्या जवळच्या, आणि खरी माहिती त्यांच्यातच असते.

जवळ म्हणजे किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इथले माप अँगस्ट्रॉम, म्हणजे एका सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. दोन कड्यांमधले हायड्रोजन बंध साधारण तीन अँगस्ट्रॉमच्या अंतरावर असतात. धन आणि ऋण प्रभाराच्या कड्यांची ओढ चार अँगस्ट्रॉमच्या आत धरतात. पाणी टाळणाऱ्या कड्या एकमेकींना साडेतीन-चार अँगस्ट्रॉमवर टेकतात. दुसरी एक पद्धत बाजूच्या फांदीतला पहिला कार्बन घेते आणि आठ अँगस्ट्रॉमच्या आत जे येईल त्याला शेजार म्हणते. प्रथिनांची घडण वर्तवण्याच्या जागतिक स्पर्धेत हेच माप वापरत आले आहेत. माझ्या मते यांतले कुठलेही एक माप खरे मानून बसण्यात अर्थ नाही. अंतर फक्त संशय निर्माण करते. तिथे प्रभार आहे का, पाण्याला जागा आहे का, ती जवळीक प्रथिन हलल्यावरही टिकते का, हे तपासल्यावरच त्या शेजाराला अर्थ येतो.

भारतात हा विचार जुना आहे. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ साली दाखवले की अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याची मर्यादा लावली, तरी प्रथिनाच्या साखळीला कुठली वळणे शक्य आहेत आणि कुठली अशक्य, हे ठरवता येते. पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र केंद्रातून ऊर्मिला कुलकर्णी-काळे, अशोक कोळस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक संगणकीय साधन प्रसिद्ध केले. प्रतिपिंड विषाणूच्या प्रथिनाला जिथे चिकटते, तो भाग क्रमाने दूरदूरच्या पण पृष्ठभागावर शेजारी आलेल्या कड्यांचा बनलेला असतो. तो भाग अंतरांवरून हुडकण्याचे ते साधन होते.

आता हिमोग्लोबिनच्या आत डोकावू. त्याची रचना केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी उलगडली आणि १९६२चे नोबेल जॉन केंड्रू यांच्यासह त्यांना मिळाले. या रेणूत सपाट पट्ट्या नाहीत, बहुतेक भाग फिरक्यांचा, म्हणजे मळसूत्रासारख्या वळलेल्या तुकड्यांचा आहे. चारही साखळ्यांत लोहाचा एकेक अणू असलेले हीम बसवलेले असते आणि त्या लोहावर प्राणवायू बसतो. बीटा साखळीत ८५ ते ९४ या कड्यांची एक फिरकी आहे, तिला शास्त्रज्ञ ‘एफ’ म्हणतात. तिच्यातली ९२वी कडी, हिस्टिडीन, लोहाला थेट धरून असते. प्राणवायू सुटला की लोह हीमच्या पातळीतून किंचित बाहेर सरते, साधारण ०.४ अँगस्ट्रॉमने. एवढ्याशा हालचालीने एफ फिरकी ओढली जाते. त्या ओढीने साखळ्यांमधल्या जुन्या जवळिकी सुटतात आणि नव्या जुळतात. अखेर रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतो. आपल्या प्रत्येक श्वासागणिक असंख्य रेणू हे वळण घेत असतात. एका लाल पेशीतच हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात.

सहावी कडी या सगळ्या धामधुमीपासून लांब आहे. ती बीटा साखळीच्या सुरुवातीला, रेणूच्या बाहेरच्या अंगावर, पाण्यात तोंड करून बसलेली असते. तिथले मूळचे ग्लुटामिक आम्ल ऋण प्रभाराचे आहे आणि पाण्यात खुशाल राहते. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली विद्युत प्रवाहात हिमोग्लोबिन पळवून पाहिले, तेव्हा सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकले. प्रभारात फरक होता. एखाद्या रोगाला रेणूचा रोग म्हणण्याची ती पहिली वेळ. फरक नेमका कुठे, हे केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधले. त्यांनी प्रथिनाचे तुकडे करून ते कागदावर पसरले. दोन्ही हिमोग्लोबिनांच्या तीसेक ठिपक्यांत एकच ठिपका जागा सोडून होता. १९५७ पर्यंत नाव निश्चित झाले: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन.

व्हॅलिनला प्रभार नाही. ते पाणी टाळते. पण रेणूच्या आतल्या शेजारांची यादी तपासली तर या बदलाने फारसे काही बिघडलेले दिसत नाही. कड्या वळतात, हीम बसते, प्राणवायू घेतला जातो आणि सोडला जातो. एकट्या रेणूची रचना समोर ठेवून कितीही अंतरे मोजली तरी रोग सापडणार नाही. २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा ज्या अल्फाफोल्डच्या कामाला मिळाला, ते घडण वर्तवणारे संगणकीय साधनही मुळात एका साखळीची घडण सांगते. या बदलाने ती घडण जवळजवळ तशीच राहते. रोग एका रेणूच्या आत मावतच नाही. त्याला दुसरा रेणू लागतो.

हा दुसरा रेणू दिसला तो १९७५ साली, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वॉर्नर लव्ह यांच्या गटाने प्राणवायू नसलेल्या सिकल हिमोग्लोबिनचे स्फटिक तपासले तेव्हा. १९९७ मध्ये त्याच रचनेचे २.०५ अँगस्ट्रॉम इतके बारीक चित्र मिळाले. त्यात एका रेणूची सहावी कडी, तो व्हॅलिन, शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या एका खोबणीत रुतलेली दिसते. खोबणीच्या भिंतींवर दोन कड्या आहेत: ८५वे फेनिलॲलनिन आणि ८८वे ल्यूसिन. दोन्ही पाणी टाळणाऱ्या. पाण्यात पडलेले तेलाचे थेंब जसे एकमेकांना मिळतात, तसे हे तिघे पाणी बाजूला सारून एकत्र येतात. मूळचे ग्लुटामिक आम्ल इथे कधीच शिरले नसते, कारण प्रभार घेऊन तेलकट खोबणीत शिरणे त्याला परवडणारे नाही.

आता ८५ आणि ८८ हे आकडे पुन्हा पाहा. त्या दोन्ही कड्या एफ फिरकीवरच्या आहेत, लोहाला धरणाऱ्या ९२व्या कडीच्या अगदी जवळच्या. प्राणवायू सुटल्यावर जी फिरकी सरकते, तीच ही फिरकी. म्हणून प्राणवायू धरलेल्या अवस्थेत व्हॅलिन आणि खोबण यांची गाठ पडत नाही, आणि प्राणवायू देऊन झाल्यावर रेणूची घडण बदलली की पडते. शरीराला प्राणवायू पोचवण्याचे काम ज्या हालचालीने होते, तिच्यातच रोगाची संधी दडलेली आहे. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ त्या रचनेच्या चित्रासमोरून हललो नाही.

प्रत्येक रेणूत दोन बीटा साखळ्या, म्हणजे दोन व्हॅलिन. या जोडणीत त्यांतला एकच खोबणीत शिरतो, दुसरा मोकळाच राहतो. पण एक पुरतो. रेणूंच्या दोन पदरी साखळ्या होतात, अशा सात जोड्या मिळून १४ पदरांचा धागा बनतो, सुमारे २१ नॅनोमीटर जाड. हे धागे पेशीच्या आतून वाढत जातात, पेशीला ताणतात आणि कडक करतात. केशवाहिनीतून वाकून जाणारी मऊ पेशी मग अडकते. रक्त थांबते. माणूस कळवळतो.

धागा लगेच बनत नाही, हेही तितकेच विलक्षण. अमेरिकेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७४ साली दाखवले की प्राणवायू गेल्यावर काही काळ काहीच घडत नाही. मग धागे एकदम फुटतात. हा थांबण्याचा काळ हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर विलक्षण अवलंबून असतो, त्यांच्या मोजमापांत सुमारे तिसाव्या घाताने. म्हणजे दाटपणा पाच टक्क्यांनी वाढला तर तो काळ चौपटीहून अधिक घटतो. केशवाहिनीतून जायला पेशीला सेकंदभर लागतो. त्या काळात धागे फुटले नाहीत तर पेशी फुप्फुसाकडे सुखरूप परतते आणि प्राणवायू मिळताच शेजार सुटतो. आता वैशाखात निमाडच्या, म्हणजे या बुऱ्हाणपूरच्या पट्ट्याच्या, उन्हात पाणी न पिता मजुरी करणाऱ्या रुग्णाचा विचार करा. शरीरातले पाणी घटले की लाल पेशीही आटते, हिमोग्लोबिन दाटते आणि तो मोलाचा अवधी आखडतो. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर पुन्हा पुन्हा पाणी प्या म्हणतात, त्यामागे हा तिसावा घात उभा आहे.

या धाग्यातले बाकीचे शेजार कुठले, हे स्फटिकांइतकेच माणसांनीही सांगितले. काही लोकांच्या एका जनुकात सिकलसेल आणि दुसऱ्या जनुकात हिमोग्लोबिनचा वेगळाच बदल असतो. घानातल्या कोर्ले-बू रुग्णालयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये ७३वी कडी बदललेली असते, आणि ते सिकलबरोबर आले तर धागे जुळायला अडचण होते. धाग्यात ७३वी कडी शेजारच्या रेणूच्या चौथ्या कडीला धरते, हे नंतर रचनेत दिसले. उलट आपल्याकडे पंजाबच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिमोग्लोबिन-डीमध्ये १२१वी कडी बदललेली असते. ते सिकलबरोबर आले की रोग तीव्र होतो, कारण तो बदल धाग्याला मदत करतो. कुठल्या कड्या धाग्याच्या सांध्यात आहेत याचा नकाशा असा कुटुंबाकुटुंबांतल्या रक्ततपासणीतून भरत गेला.

त्या नकाशातली एक जागा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची आहे: ८७. खोबणीच्या ८५ आणि ८८ या दोन भिंतींच्या मधली. प्रौढांच्या बीटा साखळीत तिथे थ्रिओनिन असते. गर्भात असताना आपल्या रक्तात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि तिच्यात ८७व्या जागी ग्लुटामिन. ते ग्लुटामिन या शेजाराच्या आड येते, आणि गर्भाच्या हिमोग्लोबिनमुळे धागा अडण्याचे ते एक मोठे कारण आहे. बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने ठीक असते आणि पुढे त्रास सुरू होतो, कारण तोवर गॅमा ओसरून बीटा आलेली असते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रक्तातले गर्भाचे हिमोग्लोबिन वाढवते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. एकात गर्भाच्या हिमोग्लोबिनवरचा लगाम काढला जातो. दुसऱ्यात रुग्णाच्या मूळ पेशींत अशी बीटा साखळी घातली जाते जिच्यात ८७व्या जागी मुद्दाम ग्लुटामिन बसवलेले असते. अंतरे मोजणाऱ्यांनी शोधलेला एक शेजार, आणि त्याला तोडणारी एक कडी, थेट रुग्णाच्या अस्थिमज्जेत.

या उपचारांच्या किमती मात्र अनुक्रमे २२ लाख आणि ३१ लाख डॉलर अशा जाहीर झाल्या. सातपुड्यातल्या पाड्यावर त्या पोचायला फार काळ जाईल. हायड्रॉक्सियुरिया पोचू शकते, आणि इथे निसर्गाने थोडी साथही दिली आहे. भारतातल्या सिकल जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा आफ्रिकेतल्यांपेक्षा वेगळ्या, पूर्व अरबस्तानातल्यांशी जुळणाऱ्या आहेत, आणि या गटात प्रौढ वयातही गर्भाचे हिमोग्लोबिन तुलनेने जास्त राहते. तरी याचा अर्थ आपल्याकडचा रोग सौम्य असा सरसकट लावू नये. विदर्भातल्या रुग्णांत तीव्र त्रासही पुष्कळ दिसतो.

जनुक टिकले ते हिवतापामुळे. एकच सिकल जनुक असलेल्या वाहकाला हिवताप प्राणघातक होण्याचा धोका कमी, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवले. सातपुड्यासारख्या हिवतापाच्या जंगलपट्ट्यात वाहक जगले आणि जनुक पुढे गेले. भारतात १९५२ साली निलगिरीत ते प्रथम नोंदले गेले आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये दिली. महाराष्ट्राचे चित्र उभे करण्यात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांचे काम मोठे. त्यांनी आदिवासी भागांत वर्षानुवर्षे तपासण्या केल्या आणि भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याचे दाखवले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भात आदिवासींखेरीज अनुसूचित जातींमध्ये आणि इतर समाजांतही हे जनुक आहे, त्यामुळे हा अमुक एका समाजाचा रोग अशी समजूत कोणी धरू नये.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोल इथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. पहिली तपासणी साधी असते. बोटाच्या टोकातले थोडे रक्त एका द्रावणात टाकतात, ते द्रावण प्राणवायू काढून घेते, आणि सिकल हिमोग्लोबिन असेल तर नळी गढूळ होते. ती गढूळता म्हणजे व्हॅलिन आणि खोबण यांचा तोच शेजार, डोळ्यांना दिसणारा. पुढच्या तपासणीत एएस की एसएस ते कळते. एएस म्हणजे वाहक, त्याला औषधाची गरज नसते; एसएस म्हणजे रुग्ण. आई आणि वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. सोयरीक ठरवण्याआधी दोन्ही घरांनी ती करून घ्यावी, आणि एसएस असलेल्या मुलाचे औषध त्रास नसतानाही बंद करू नये.